अल्बानियातली एक छोटी खानावळ आणि तिथलं 'आप्पेपात्र'

तिरफळ

मध्यंतरी इथे कुणीतरी विचारलं होतं, बाल्कन देशांत शाकाहारी (किंवा आमच्यासारख्या अर्ध्यामुर्ध्या शाकाहारी) कुटुंबाचे खायचे हाल होतात का. ग्रीस-क्रोएशियावर बरंच लिहून झालंय, अल्बानियावर शोधून काही सापडलं नाही. म्हणून हा धागा. अख्खं प्रवासवर्णन लिहायचा पेशन्स नाही, एका जेवणापुरतं लिहिते.

ग्यिरोकास्तर हे दक्षिण अल्बानियातलं डोंगरउतारावरचं दगडी गाव. भिंती दगडाच्या, रस्ते दगडाचे, छपरंसुद्धा दगडी पाट्यांची. २००५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. जुन्या बाजारातल्या गल्ल्या इतक्या उभ्या चढाच्या आणि पायांनी गुळगुळीत झालेल्या, की सासूबाईंनी एका हाताने माझा दंड आणि दुसऱ्या हाताने भिंत धरली होती. बाजारात रेस्टॉरंटं भरपूर, दारात उभं राहून "माय फ्रेंड" करणारेही भरपूर. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या आजोबांनी मात्र बाजार ओलांडून खालच्या अंगाला पाठवलं. द्राक्षाचा मांडव, त्याखाली सहा टेबलं, मागे स्वयंपाकघर. आई रांधणार, मुलगा वाढणार, एवढाच स्टाफ.

मेनूकार्ड मागितलं. मुलगा (पंचविशीचा, इंग्रजी बरं, इटालियन फर्डं) म्हणाला, कार्ड आहे पण आज काय केलंय ते मीच सांगतो. तावे कोसी, चिफ्ची, फासुले म्हणजे पांढऱ्या घेवड्याची पातळ उसळ, पालकाचं ब्युरेक (पातळ पोळ्यांच्या थरांत सारण भरून भाजलेलं), भाजलेल्या मिरच्या आणि वांगी, पांढरं चीज, निखाऱ्यावरचे कोफ्ते. संपली यादी. मला असली यादी आवडते. चाळीस पदार्थांचं कार्ड बघितलं की फ्रीजर आठवतो.

सासूबाई अंडं खातात, मटण-मासे नाही. "पा मिश", म्हणजे मांस नको, एवढं मी पाठ करून गेले होते. ते ऐकून स्वयंपाकघराच्या दारातून त्याच्या आईने मान आडवी हलवली. सासूबाई लगेच पर्स उचलून उभ्या. पण तिथे जुन्या वळणाची माणसं होकारालाच मान आडवी हलवतात! मुलाने हसत समजावलं आणि आम्ही परत बसलो.

चिफ्ची आली. लिंबाएवढे गोळे, बाहेरून खरपूस तपकिरी. सासूबाईंनी एक मोडून आत पाहिलं, वास घेतला आणि जाहीर केलं, "हे आप्पेपात्रातच केलंय." मी म्हटलं, अहो आई, इथे कुठलं आप्पेपात्र. त्या थेट स्वयंपाकघरात. मी मागोमाग. आणि खरंच, शेगडीवर काळंकुट्ट, जाड बुडाचं, खळग्याखळग्यांचं गोल पात्र! भात शिजवून निवलेला, त्यात अंडी, चुरडलेला वाळका पुदिना, मीठ, मिरी. बस. प्रत्येक खळग्यात तेल, मग चमच्याने मिश्रण, खालची बाजू सुटली की काट्याच्या टोकाने कडेकडेने सोडवून गर्रकन पालथं. हा पदार्थ ग्यिरोकास्तरचाच, बाकी देशात फारसा करत नाहीत. सासूबाईंनी त्या बाईंच्या हातातून काटा घेतला (विचारलं वगैरे नाही) आणि दोन उलटून दाखवले. आमच्याकडे विणायच्या सुईने करतात हे त्यांनी चक्क मराठीतून सांगितलं. समोरून अल्बानियनमधून काहीतरी लांबलचक उत्तर आलं. दोघींचं उत्तम चाललं होतं, मी बाहेर आले.

आम्हा दोघांना तावे कोसी. मातीच्या पसरट भांड्यात, वरून सोनेरी आणि मधूनमधून डाग पडलेलं. चमचा घातला की आत दही-अंड्याचा थरथरणारा थर, तळाशी मऊ कोकरू आणि किंचित भात. आंबटसर, तुपकट, अगदी सौम्य. मसाला म्हणाल तर मीठ, मिरी, लसूण आणि मिळाला तर ओरेगानो. नवऱ्याने चार घासांनंतर ठेच्याची आठवण काढली, पण भांडं पुसून खाल्लं हेही नोंदवते. फासुले छान होती. ब्युरेक मात्र गार आणि तेलकट, आवडलं नाही.

शेवटी न मागता ग्लिको आला. कोवळ्या हिरव्या अक्रोडांचा पाकातला मुरांबा, छोट्या बशीत एकच अक्रोड, सोबत पाणी. आणि नवऱ्याला घरची राकी, म्हणजे फळांची कडक दारू. सगळं मिळून अडीच हजार लेकच्या आत, म्हणजे पंचवीस युरोच्या आसपास. लेकची किंमत साधारण रुपयाच्या जवळपास धरा, हिशेब सोपा जातो.

भटकभवानी

मस्त! आईंना साष्टांग नमस्कार. फोटो कुठायत? फोटोंशिवाय खादाडीचा धागा म्हणजे फाऊल आहे. पुलेशु (पुढच्या लेखनाला शुभेच्छा).

तिरफळ

फोटो आहेत, पण सगळ्यांत सासूबाईंची पाठ आहे. त्यांना विचारून टाकते.

कोकम_सार

लिहिलंय छान, पण एक शंका. कोफ्ते, ब्युरेक, भरलेल्या मिरच्या, बकलावा हे सगळं तुर्की. सॅलड ग्रीक. कॉफी आणि पास्ता इटालियन. मग यात 'अल्बानियन' काय? मी तिरानाला ऑफिसच्या कामाने राहिलोय. चार जेवणांत मला वेगळं असं काही लागलं नाही. उगाच प्रत्येक देशाची एक 'क्विझीन' असलीच पाहिजे असा आग्रह का?

बर्लिनकर_बाळू

कोकम, ऑफिसच्या कामाने तिरानाला राहिलास म्हणजे ब्लोकू भागातल्या बारमध्ये पिझ्झा खाल्ला असणार. तिथे तेच मिळतं.

तुर्कांचं राज्य तिथे सुमारे पाच शतकं होतं, स्वातंत्र्य जाहीर झालं १९१२ च्या २८ नोव्हेंबरला, व्लोरा शहरात. तेवढ्या काळात सारायेव्होपासून दमास्कसपर्यंत ताटं सारखी होणारच. पण देवाणघेवाण एकाच बाजूने झाली असं कोण म्हणतं? तावे कोसी हे एल्बासान या अल्बानियन शहराचं. खुद्द तुर्कीत त्याला 'एल्बासान तावा' म्हणतात! इस्तंबूलमध्ये गल्लोगल्ली मिळणारा त्रिलेचे नावाचा दुधात भिजवलेला केक, तोही तिथे बाल्कनमधूनच गेला.

उत्तरेकडे जा, फ्लिया मिळेल. पातळ पिठाचा एकेक थर घालायचा, वर निखाऱ्यावर तापवलेलं लोखंडी झाकण ठेवायचं, तो थर भाजला की पुढचा. तासन् तास चालतं. असं घरच्या अंगणातच होतं, म्हणून हॉटेलात सहसा दिसत नाही. तिरानाचं म्हणावं असं फर्गेस घ्या. सिमला मिरची-टोमॅटो शिजवून त्यात ग्यीझ, म्हणजे तिथला चुऱ्यासारखा ताजा चीज, घोटून भट्टीत लावतात. ब्रेडने पुसून खायचं. हे दोन्ही खाल्लेस का? मग बोलू.

कोकम_सार

फर्गेस खाल्लंय. बरं होतं. त्यात काळीज निघालं, मला कुणी सांगितलं नव्हतं.

बर्लिनकर_बाळू

काळजाचा एक प्रकार असतोच. शाकाहाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: फर्गेस, फासुले आणि द्राक्षाच्या पानांचे याप्राक ही तिन्ही बिनमांसाचीही होतात आणि मांसाचीही. फासुलेत कधी खारवलेल्या मांसाचा तुकडा असतो, याप्राकात खिमा. नुसत्या नावावर जाऊ नका. "पा मिश" म्हणून वर बोट दाखवून खात्री करा. निर्धास्त हवं तर भाजलेल्या भाज्या, चीज, ब्रेड, तारातोर (काकडी-दही-लसूण), पालकाचं ब्युरेक. दही तर तिथे सगळीकडे, आणि उत्तम.

रानमोगरा

तिरफळताई, ब्युरेक गार मिळालं कारण तुम्ही ते जेवणात मागितलंत. ती सकाळची वस्तू आहे. सकाळी आठच्या आत ब्युरेकच्या टपरीवर जायचं. मोठ्या गोल परातीतून त्रिकोणी तुकडा कापून वजनकाट्यावर टाकतात, कागदात गुंडाळून देतात, सोबत ग्लासभर धाल, म्हणजे खारं ताक. पन्नाससाठ लेकपासून मिळायचं, आता महाग झालं असेल. टोमॅटो-कांद्याचं मागा, पालकाहून चांगलं लागतं. दुपारनंतर मात्र त्याच्या नादी लागू नये, वातड होतं.

नाना_ठाणेकर

लेख वाचून मजा वाटली. आमच्या तरुणपणी अल्बानिया म्हणजे फक्त शॉर्टवेव्हवरचा रेडिओ तिराना. रात्री खरखरीतून इंग्रजी बातम्या लागत आणि तासभर अमेरिका व रशिया या दोघांनाही शिव्या. आधी चीनशी गळ्यात गळा, १९७८ नंतर चीनलाही शिव्या. त्या देशात जाऊन कुणी मराठी सासूबाई आप्पे उलटतील असं स्वप्नातही आलं नसतं.

एक विचारतो. एन्व्हर होजा या कम्युनिस्ट हुकूमशहाच्या काळात खासगी धंदा बंद होता ना? मग ही घरगुती खानावळ किती जुनी?

तिरफळ

नाना, बरोबर पकडलंत. खासगी हॉटेल हा प्रकारच तिथे १९९१ नंतरचा. आधी जी काही उपाहारगृहं होती ती सरकारी. आमच्या खानावळीतल्या बाई लहान होत्या तेव्हा घरात स्वतःची शेळी ठेवायलाही बंदी आली होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उरलीसुरली घरची जनावरंही सामुदायिक शेतीत जमा करून घेतली. दूध, मांस, लोणी सगळं रेशनकार्डावर. पहाटे दुधाच्या रांगेत माणसाऐवजी दगड किंवा पिशवी ठेवून नंबर लावायचा, हे मुलाने आईकडून ऐकलेलं सांगितलं. माझ्या सासूबाईंना रॉकेलच्या रांगेतले डबे आठवले, मग त्यांनी तेही ऐकवलं.

मला यात एक गोष्ट जाणवली. चाळीसेक वर्षं ही रांधण्याची विद्या हॉटेलात नव्हतीच, फक्त घरांत होती, आणि तिथेही सामान नसताना. तावे कोसीला कोकरू, दही, अंडी, लोणी चारही लागतात. कार्डावर लोणी मिळणाऱ्या घरात ते सणालाच व्हायचं. कोकम म्हणतो तसं तिरानाच्या हॉटेलांत वेगळं काही लागत नाही याचं कारण मला तरी हेच वाटतं. तिथल्या हॉटेलवाल्यांना शिकायला जवळ सापडली ती इटली. १९९१ च्या ऑगस्टमध्ये एका 'व्लोरा' जहाजावरूनच वीसेक हजार माणसं बारीला उतरली होती. त्यातल्या बहुतेकांना परत पाठवलं, पण पुढच्या वर्षांत गेलेले हजारो तिकडच्या हॉटेलांत भांडी घासत, कणीक मळत शिकले. आमच्या वाढप्याचे वडील त्यातलेच, सात-आठ वर्षं इटलीत पिझ्झाच्या भट्टीवर होते. ते परत आले आणि मांडवाखाली टेबलं मांडली, पण पिझ्झा लावला नाही. बायकोने ठणकावलं की पिझ्झा सगळेच करतात.

कोकम_सार

हे पटलं. म्हणजे क्विझीन आहे, पण ते हॉटेलात शोधू नये.

बर्लिनकर_बाळू

शोध की, पण छोट्या ठिकाणी. किंवा मग थेट उलट टोकाला. लेझाजवळ फिश्ता गावात 'म्रिझी इ झानावे' म्हणून शेतावरचं रेस्टॉरंट आहे. आसपासच्या शेतकऱ्यांकडूनच माल घेतात, चीज तिथेच बनतं. तेही इटलीहून परतलेल्या भावांनीच सुरू केलंय. छोटं मात्र अजिबात नाही, बुकिंग करून जा.

अर्धा_कप

मुसलमान बहुसंख्य देश ना? मग घरोघर राकी कशी? कुतूहल म्हणून विचारतोय, वाद नको.

बर्लिनकर_बाळू

१९६७ मध्ये तिथल्या सरकारने धर्मावरच बंदी घातली, मशिदी-चर्च बंद केली. दोन पिढ्या त्यातच वाढल्या. शिवाय बेक्ताशी या सूफी पंथाचे बरेच लोक आहेत, त्यांना दारूचं वावडं नाही. ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिकही आहेत. एकाच मेनूकार्डावर डुक्कर आणि कोकरू शेजारी दिसतं, कुणी भुवई उंचावत नाही. राकी बहुतेक द्राक्षाची, तुतीचीही करतात. सकाळी कॉफीबरोबर एक छोटा ग्लास घेणारे आजोबा प्रत्येक कॅफेत सापडतील.

नाना_ठाणेकर

सकाळी? वा. किती एमएल?

बर्लिनकर_बाळू

नाना, अर्धशतकी पेग असतो. घरची असेल तर जपून, बाटलीवर टक्केवारी छापलेली नसते. घोट घोट घ्यायची, एका दमात नाही. आणि 'गझुआर' (तिथलं चिअर्स) म्हणताना समोरच्याच्या डोळ्यात बघायचं.

सुगरण_नाशिकची

तावे कोसीची पाकृ कुणी देईल का? माझा प्रश्न एवढाच की दही भट्टीत फाटत कसं नाही.

रानमोगरा

कढीला बेसन का लावतो, तेच. इथे मैदा आणि अंडी ते काम करतात. मी करते ते असं:

पाऊण किलो मटण (तिथे कोकरू, आपल्याकडे बोकडाचं चालतं) लोण्यावर लसूण, मीठ, मिरी घालून परतायचं आणि कुकरला पूर्ण शिजवून घ्यायचं. भट्टीत ते आणखी शिजणार नाही, तेव्हा इथे घाई नको. तळाच्या भांड्यात मटण, दोन-तीन चमचे धुतलेले तांदूळ आणि वाटीभर रस्सा. वेगळ्या पातेल्यात पन्नास ग्रॅम लोण्यावर तीन टेबलस्पून मैदा मंद भाजायचा, रंग येऊ द्यायचा नाही. गॅस बंद. मग किलोभर घट्ट दही फेटून थोडंथोडं घालायचं, शेवटी चार अंडी फेटून. जायफळ चिमूटभर, ऐच्छिक. मटणावर ओतून १९० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं, वर डाग पडेपर्यंत. बाहेर काढून पंधरा मिनिटं तसंच ठेवा, मग कापा.

दही आंबट नको. आपलं दुसऱ्या दिवशीचं दही घेतलं तर घरचे तोंड वाकडं करतात. ताजं लावून फडक्यात तासभर टांगा. चिकनचंही करतात, तिथेही.

सुगरण_नाशिकची

धन्स गं! रविवारी चिकनचं करते. आणि चिफ्ची आजच केली, आप्पेपात्रात. एक वाटी तांदळाला चार अंडी घेतली. बासमतीची सुटी सुटी झाली, उलटताना मोडली. दुसऱ्या घाण्याला इंद्रायणी घेतला, झक्क जमली. नॉनस्टिकपेक्षा बिडाच्या पात्रात रंग चांगला येतो. मुलांनी हिरव्या चटणीबरोबर फस्त केली. अल्बानियन लोकांनी हे वाचू नये.

एकटा_जीव

जाणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. १९६५ मध्ये त्यांनी चलनातलं एक शून्य काढलं, दहा जुने लेक म्हणजे एक नवा. पण साठ वर्षं झाली तरी लोक बोलताना जुन्यातच बोलतात. मला एका म्हाताऱ्या बाईंनी भाजीच्या जेवणाचे "पाच हजार" सांगितले, माझा घास घशात अडकला. पाचशेच द्यायचे होते. लबाडी नाही, सवय आहे. कागदावर लिहून मागा.

लबाडी मात्र किनाऱ्यावर भेटली. सरांदाच्या बाजूला समुद्राकाठच्या एका ठिकाणी मासा 'वजनावर' होता, वजन आम्हाला दाखवलं नाही आणि बिलात मासा भलताच गलेलठ्ठ निघाला. दोन पाण्याच्या बाटल्या आणि न मागितलेला ब्रेडही लावला होता. वाद घातल्यावर ब्रेड काढला, मासा तसाच. तेव्हापासून मासा शिजायच्या आधी काट्यावर बघतो. पोग्रादेचला ओह्रिड तळ्यावर 'कोरान' नावाचा तिथलाच ट्राउट मिळतो, तोही वजनावरच, पण तिथे स्वतःहून काटा आणून दाखवला.

भटकभवानी

छोट्या ठिकाणी बहुतेक कार्ड चालत नाही, रोख लेक ठेवा. युरो घेतात पण भाव स्वतःच्या सोयीने लावतात. व्हिसाचं: शेंगेन, यूके किंवा अमेरिकेचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा असेल आणि तो आधी एकदा वापरलेला असेल तर भारतीयांना वेगळा व्हिसा लागला नव्हता. नियम बदलतात, निघण्याआधी तपासा.

आणि इंडिया म्हटलं की "नेने तेरेझा!" हे ऐकायची तयारी ठेवा. तिरानाचा विमानतळच मदर तेरेसांच्या नावाचा आहे. त्यांचं घराणं अल्बानियन, जन्म स्कोपियेचा. आम्हाला एका कॅफेवाल्याने केवळ कोलकात्याचं नाव ऐकून कॉफीचे पैसे घेतले नाहीत. आम्ही कोल्हापूरचे आहोत हे सांगायला तोंड उघडलं होतं, नवऱ्याने पाय दाबला.

कोकम_सार

हाहाहा. कोल्हापूरकर फुकट कॉफी सोडतील होय.

जर्सीची_जाई

अमेरिकेतल्यांसाठी: एवढ्या लांब जायची गरज नाही. ब्रॉन्क्समध्ये आर्थर अ‍ॅव्हेन्यूच्या परिसरात अल्बानियन वस्ती मोठी आहे. न्यूयॉर्कमधल्या कितीतरी पिझ्झेरिया अल्बानियन मालकांच्या आहेत, पाटी इटालियन असते. काचेच्या कपाटात पिझ्झाच्या शेजारी ब्युरेकचं वेटोळं दिसलं की समजायचं. चिफ्ची मात्र मला तिथे कुठे दिसली नाही. या शनिवारी आम्ही तिघं जातोय, कुणाला यायचंय?

अर्धा_कप

मी येतो. एडिसनहून गाडीने निघू का? पार्किंगचं काय?

जर्सीची_जाई

शनिवारी तिथे पार्किंगच्या भानगडीत पडू नकोस. ग्रँड सेंट्रलहून मेट्रो-नॉर्थ पकड, फोर्डहॅमला उतर, तिथून चालत. अकराच्या आत पोच, ब्युरेक गरम हवं असेल तर.